परसातली राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलायचे म्हणजे विषय कसा भारदस्त हवा, अशी आपली समजूत असते. स्त्रीशिक्षण, आरोग्य, काटकसर, मुलांचे संगोपन अशा विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ चांगली भाषणे झाली आहेत. मी मात्र आज कोंबड्यांच्या खुराड्याविषयी बोलणार आहे. चिटणीसबाईंनी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागच्या बाजूला जरा हशा पिकला, तो माझ्या कानी आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हसून झाले की ऐकावे, एवढीच विनंती. ज्यांच्या घरी अंडे शिजत नाही त्या भगिनींनीही ऐकावे. कारण उंदीर, साप आणि शेजारणीशी भांडण या तीन गोष्टी शाकाहारी घरातही शिरतात.

२०२४ च्या डिसेंबर महिन्यात आपल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत तो इथवर पोचला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. तेव्हापासून चार बायका जमल्या की वाघाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. वाघाची भीती बाळगू नका असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या परसदारी ज्याने आजवर संसाराचे नुकसान केले तो वाघ नव्हे. तो आहे मुंगूस, घूस, रानमांजर आणि गल्लीतलेच मोकाट कुत्रे. त्यांची चर्चा कोणी करीत नाही, कारण एका वेळी एकच कोंबडी जाते, आणि एक कोंबडी गेली म्हणून कोणी पंचनाम्याला येत नाही.

भगिनींनो, कोंबडी ही आपल्या भागात बाईची मालमत्ता आहे. शेत सासऱ्यांच्या नावावर, बैल घरधन्याचे, शेळ्यांचा पैसाही बहुधा पुरुषांच्याच हातात जातो. परंतु अंडी विकून आलेले पैसे डब्यात कोण ठेवते? वही-पेन्सिल, औषधाची बाटली, माहेरी जाण्याचे एस्टीचे भाडे हे कशातून निघते? आपला जिल्हा अवर्षणाचा. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, जनावरे छावणीत गेली; पण ज्या घरी दहा कोंबड्या होत्या त्या घरी मीठ-मिरचीचे अडले नाही. १९९३ च्या भूकंपानंतर स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायकांबरोबर कामाला लागली. पुढे तिने एक एकरभर जमीन बाईच्या हाती देऊन घरापुरते धान्य, भाजी आणि जोडीला शेळ्या-कोंबड्या असा मार्ग घालून दिला. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. परसातल्या कोंबडीला जगाच्या दरबारात मान आहे तो असा. मग तिच्या राखणीला आपण हलके का लेखावे?

आता थोडा हिशेब करू. कोंबडी बारा अंड्यांवर खुडूक बसली. एकवीस दिवस तिने दाणापाणी विसरून अंडी उबवली. त्यातून नऊ-दहा पिले निघाली. पहिल्या आठवड्यात घारीने दोन नेली, एक कावळ्याने. मग मुंगसाने एक दुपार साधली. तलंगा होईपर्यंत चार उरली तर आपण म्हणतो, चला, बरे झाले. घरात चार पोळ्या करून दोन रोज कुत्र्याने पळवल्या तर आपण स्वस्थ बसू का? पण कोंबडीच्या बाबतीत "जायचीच" हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. माझे आजचे सांगणे एवढेच, की हे "जायचीच" आपण मनातून काढावे. चोर कोण ते ओळखता येते, आणि ओळखले की त्याची वाट बंद करता येते.

ओळखणे हे पहिले काम. त्याचे कारण सांगते. आपल्याच भागातली, भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे. नावे घेत नाही. एकीच्या खुराड्यातली अंडी रोज दोन-दोन कमी होऊ लागली. कवच नाही, सांडल्याची खूण नाही. तिचा संशय शेजारच्या सुनेवर गेला. ती पोर नुकतीच लग्न होऊन आलेली, परसदारी भांडी घासायला बसायची. शब्दाला शब्द वाढला. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक आली तर दुसरी आली नाही. पोरीच्या सासूने तिलाच चार शब्द सुनावले. असे सात-आठ महिने गेले. मग पावसाळ्याच्या तोंडावर खुराडे हलवले तेव्हा खालच्या जमिनीत घुशीची बिळे निघाली आणि एका बिळाच्या तोंडाशी अंड्याची टरफले. बिळे बुजली, पण त्या सुनेने आठ महिने जे ऐकून घेतले ते कोण भरून देणार? म्हणून म्हणते, परसातली चोरी झाली की आधी माणसाकडे बोट दाखवू नये. आधी जमिनीकडे पाहावे.

जमीन काय सांगते ते आता नीट ऐका. सकाळी उठल्याबरोबर झाडलोट करू नका; खुणा झाडूबरोबर जातात. आधी पाहा, मग झाडा.

अंडे नाहीसे झाले आणि मागे काहीच उरले नाही, तर घूस किंवा साप. घूस असेल तर खुराड्याच्या कडेला उकरलेल्या मातीचा ताजा ढीग दिसतो. साप, विशेषतः धामण किंवा नाग, अंडे अख्खे गिळतो, त्याचे कवचसुद्धा राहत नाही. अंडे फोडून आतले चाटून खाल्लेले असेल आणि कवच तिथेच पडलेले असेल तर मुंगूस, घोरपड किंवा कावळा यांचा संशय घ्यावा. अंड्याला चोचीची खूण आणि कोंबडीच्या तोंडाला बलक लागलेला असेल तर चोर घरातलाच! कोंबडीला स्वतःचे अंडे खाण्याची खोड लागली आहे, असे समजावे. अंडी लगोलग उचलावीत आणि तिला शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडी खाऊ घालावी.

दिवसाढवळ्या पिलू गेले, आरडाओरडा झाला आणि अंगणात चार पिसे उडाली, तर घार किंवा शिकरा. दिवसाच, पण कुंपणाच्या आडून, आवाज न होता गेले तर मुंगूस. मुंगूस दिवसा फिरणारे जनावर आहे, रात्री ते बिळात झोपते. तेव्हा रात्रीच्या चोरीचा आळ त्याच्यावर घेऊ नये. रात्री किंवा पहाटे अख्खी कोंबडी गेली आणि पिसांची रांग कुंपणापर्यंत गेलेली दिसली, तर रानमांजर, कोल्हा किंवा खोकड. कुंपणाखाली उकरलेले असेल तर कोल्हा-खोकड. वरून आत आल्याची खूण असेल, पत्रा सरकला असेल, तर रानमांजर किंवा उदमांजर. उदमांजर झाडावर आणि घराच्या आढ्यातही राहते, त्यामुळे उंच टांगले म्हणून खुराडे सुरक्षित होत नाही.

आणि एका रात्रीत आठ-दहा कोंबड्या मरून इतस्ततः पडल्या, एकही धड खाल्लेली नाही, जाळी फाटलेली, तर ते बहुधा कुत्र्यांचे काम. भुकेपेक्षा खेळाच्या नादाने ती असा संहार करतात. गावात मात्र अशा सकाळी "कोल्हा आला, कोल्हा आला" अशी हूल उठते आणि विषाची भाषा सुरू होते. ओळख चुकली की शिक्षाही चुकीच्या जिवाला होते.

आता कोंबडीचा स्वभाव पाहू, म्हणजे राखण कुठे कमी पडते ते कळेल. आपली कोंबडी रानकोंबड्याच्या वंशातली. तिला दिवसा रंग उत्तम दिसतात, पण अंधारात फारच थोडे दिसते. दिवस मावळला की ती एका जागी बसते ती हलत नाही. अंधारात शेजारची कोंबडी कोणी ओढून नेली तरी पळून जाण्याचे तिला सुचत नाही. म्हणजे दिवसाची राखण ती स्वतः पुष्कळशी करते. रात्रीची पूर्णपणे आपल्यावर आहे.

दिवसाच्या राखणीत कोंबडा मोठा हुशार. आभाळात घार दिसली की तो एक आवाज काढतो आणि जमिनीवरून कुत्रे-मांजर आले की निराळा. पक्ष्यांच्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रयोग करून हे दाखवले आहे. आपल्या आज्यांना ते प्रयोगावाचून ठाऊक होते. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या "घार आली गं, पिलं बघ" असे त्या सांगत. पिले हे आवाज आईच्या संगतीत राहून ओळखू लागतात, आणि आवाज झाला की तिच्या पंखाखाली शिरतात.

म्हणूनच सुधारित जातीची पिले घेणाऱ्या भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा किंवा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा ही जात अंडी आणि वजन यांत देशीहून सरस आहे. त्यांचा रंगही देशीसारखा ठेवलेला आहे, म्हणजे पांढऱ्या कोंबडीसारख्या त्या दुरून नजरेत भरत नाहीत. पण ही पिले यंत्रात जन्मतात. त्यांना आई नसते. पंखाखाली घेणारे कोणी नाही आणि आवाज देणारेही कोणी नाही. अशी पिले आणल्याबरोबर परसात सोडणे म्हणजे घारीला आमंत्रण. निदान सहा आठवडे त्यांना बंदिस्त जागेत, उबेत वाढवावे. अंगात बळ आले की मग बाहेर काढावे, आणि तेही दोन-चार जाणत्या देशी कोंबड्यांच्या सोबतीने.

आता खुराड्याकडे वळू. पूर्वीच्या दगडमातीच्या माळवदाच्या घरात कोंबड्यांची सोय निराळी करावी लागत नसे. वाड्याचा दिंडी-दरवाजा लागला की आत सगळे सुरक्षित. १९९३ च्या ३० सप्टेंबरला भूकंप झाला, आणि उमरगा-लोहारा भागातली कितीतरी गावे नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, घराघरात मोकळी जागा सुटली. माणसाच्या जिवाला ते चांगलेच झाले. पण चार बाजूंच्या भिंतीची राखण गेली. आता शेतात वस्ती करून राहणारी घरेही पुष्कळ आहेत, तिथे तर रान दारातच. तेव्हा खुराडे आता विचार करून बांधावे लागते.

दहा कोंबड्यांना रात्रीपुरती पाच फूट लांब आणि चार फूट रुंद जागा पुरते. खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच, चार पायांवर असावे, म्हणजे खाली झाडता येते आणि घुशीला बीळ करून थेट आत शिरता येत नाही. पायांना मध्यावर पत्र्याची गुळगुळीत पट्टी वेढावी, उंदराचा पाय त्यावर ठरत नाही. ज्यांना जमिनीवरच बांधायचे असेल त्यांनी तळाला शहाबादी फरशी किंवा कोबा करावा. नुसती सारवलेली जमीन घुशीला दारासारखी असते.

जाळी घेताना बायका हमखास फसतात. दुकानात जी षटकोनी, पातळ तारेची जाळी "चिकन जाळी" म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती. कुत्रे ती दातांनी फाडते आणि मुंगसाचे पिलू तिच्यातून सहज आत येते. अर्धा इंची चौकोनाची, जोड दिलेली वेल्डमेश जाळी मागावी. तिच्यातून घूस येत नाही, मुंगूस येत नाही, मोठा साप येत नाही. जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नये. वरून लाकडाची किंवा पत्र्याची पट्टी ठेवून मग स्क्रू पिळावेत. जनावर जाळी तोडीत नाही, कडेने उचकटते. अर्धा इंची जाळीची किंमत ऐकून जीव कचरतो हे मला ठाऊक आहे. पण दोन-तीन कोंबड्यांच्या पैशात ती येते, आणि दोन-तीन कोंबड्या तर आपण दर उन्हाळ्यात अशाच घालवतो.

उकरणाऱ्या जनावरांसाठी दुसरी युक्ती. खुराड्याभोवती कुंपण असेल तर जाळी जमिनीशी संपवू नये. दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरावी आणि वर दगड-मुरूम टाकावा. कोल्हा कुंपणाला नाक लावून तिथेच उकरू लागतो. दीड फूट मागे सरकून उकरावे हे त्याला सुचत नाही. आपल्याकडे याची एक खास गरज आहे. गाव पांढरीत असते, पण वस्त्या काळ्या रानात आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. कुंपण कितीही नीट पुरले तरी एप्रिलमध्ये खाली वाट तयार होते. मुरमाचा थर दिला तर भेग जाळीपर्यंत येत नाही. म्हणून वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमारास, कुंपणाच्या बुडाशी फेरी मारावी.

उन्हाळ्याचा विषय निघाला तर आणखी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर जातो. पत्र्याचे खुराडे रात्रीही भट्टीसारखे तापते. कोंबड्या धापा टाकताना पाहून बाईला दया येते आणि ती दार उघडे ठेवून झोपते, नाहीतर कोंबड्या लिंबाच्या झाडावर बसू देते. चोर त्याच रात्रीची वाट पाहत असतो. यावर उपाय दोन दारांचा. आत जाळीचे दार, बाहेर फळीचे. उन्हाळ्यात फळीचे दार उघडे ठेवा, जाळीचे कधीही नाही. छपराखाली चारी बाजूंनी वीतभर जाळीची फट ठेवा, वारा खेळतो. पत्र्यावर कडबा किंवा उसाचे पाचट घाला. दाराला नुसती खिट्टी पुरत नाही; कडी-कोयंडा लावून त्यात तार किंवा कुलूप अडकवावे.

पिलांची गोष्ट निराळी. बुरडाकडचे बांबूचे डालगे हे आपले जुने आणि उत्तम साधन. पण ते मातीवर पालथे घालू नका, फरशीवर घाला; आणि वर चांगला पाच-सहा किलोचा दगड ठेवा. डालग्याच्या विणीत पिलाचे डोके बाहेर येईल एवढी भोके असतील तर बाहेरून मुंगूस तेवढेच डोके धरते. जुने गोणपाट भोवती गुंडाळावे. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही अशी म्हण आहे, पण पिलू झाकले नाही तर त्याला तांबडे दिसायचे राहते, ही म्हण मी जोडते.

दिवसा पिलांसाठी तुराट्यांचा आडोसा करावा. तूर निघाली की तुराट्या चुलीत जातात. त्यांतल्या दोन पेंढ्या बाजूला ठेवा. दोन दगडांवर आडव्या टाकल्या की खाली पिलांना लपायला छप्पर होते, आणि घारीला झडप घालता येत नाही. अंगणावर हात-हात अंतराने जुन्या सुतळ्या ताणल्या तरी घार खाली उतरायला बिचकते. लुकलुकणारे दिवे, चकाकत्या पट्ट्या हे चार दिवसांचे पाहुणे. जनावर एकदा सरावले की त्यांची भीती उरत नाही. असे काही वापरायचेच तर जागा बदलत राहावी.

या सर्वांहून मोठी गोष्ट फुकट आहे. ती म्हणजे वेळ पाळणे. दिवेलागणीच्या आधी खुराड्यातच मूठभर ज्वारी टाकावी. महिनाभर नेमाने केले की कोंबड्या आपण होऊन आत येतात, मागे धावावे लागत नाही. मग मोजाव्यात. रोज मोजाव्यात. हे काम मुलांना द्या. त्यांचे गणितही होते. सकाळी मात्र झुंजुमुंजू होताच दार उघडू नका. रानमांजर आणि कोल्हा त्या वेळी घरी परतत असतात. ऊन अंगणात आले की उघडा. अंडी दिवसातून दोनदा उचला. उरलेला दाणा रात्री राहू देऊ नका. दाण्याला उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. सरपण, गोवऱ्या आणि दगडांचे ढीग खुराड्यापासून लांब ठेवा. आणि भगिनींनो, अंधाऱ्या खुराड्यात अंड्यासाठी हात कधीही घालू नका. आधी बॅटरी, मग काठी, मग हात. आपल्या रानात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आहेत. अंडे पाच-दहा रुपयांचे, हात लाखमोलाचा. आणि दंश झालाच तर उताऱ्यात वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा.

आता काय करू नये ते सांगते, आणि हे मी जरा कडक सांगणार आहे. विष घालू नका. मेलेल्या कोंबडीला विष चोळून बांधावर टाकले की कोल्हा मरेल की नाही सांगता येत नाही, पण शेजाऱ्याचे कुत्रे, घार आणि मोर मरतात. आणि शेतात खेळणाऱ्या पोराच्या हाती ते लागले तर? त्याहूनही वाईट म्हणजे कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे. रानडुकरासाठी, कोल्ह्यासाठी म्हणून तार सोडतात आणि पहाटे मोटार चालू करायला निघालेला माणूस तिला चिकटतो. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि विसरतो. कोंबडी वाचवायला जाऊन कोणाचे कुंकू पुसले जाऊ नये. शिवाय मुंगूस, कोल्हा, खोकड, रानमांजर, घोरपड, धामण या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा फासे लावणे हा गुन्हा आहे. जनावर खुराड्यात अडकले, साप निघाला, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा किंवा सर्पमित्राला बोलवावे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपला फायदा कशात आहे? घुशी-उंदीर कोण खातो? धामण खाते, मुंगूस खाते, गव्हाणी घुबड खाते. ज्या घुबडाला अपशकुनी म्हणून पोरे दगड मारतात, ते एकेका रात्री आपल्या कणगीभोवतीचे उंदीर उचलते. पंचतंत्रातली ती गोष्ट आपण सर्वजणींनी मुलांना सांगितली आहे. तान्ह्या बाळाजवळ आलेल्या सापाला मुंगसाने मारले, आणि पाणी घेऊन आलेल्या आईने त्याचे रक्ताने भरलेले तोंड पाहून, बाळालाच खाल्ले असे समजून, त्याच्यावर घागर टाकली. खुणा न पाहता शिक्षा करणाऱ्या बाईची ती गोष्ट आहे. मुंगूस कोंबडीही खाईल आणि सापही मारील; तो त्याचा स्वभाव. त्याला चांगले-वाईट कळत नाही. दार लावणे मात्र आपल्याला कळते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते आणि थांबते. अर्धा इंची जाळीची अख्खी गुंडाळी एकटीला परवडत नाही, आणि कापून घेतली तर महाग पडते. मंडळाने येत्या वर्षी गुंडाळी एकत्र आणावी आणि मापाप्रमाणे वाटून द्यावी. पैसे बचत गटातून महिन्याच्या हप्त्याने फिटतील. सुतार किंवा वेल्डर एकच दिवस बोलावून पाच-सात घरांची दारे करून घ्यावीत. त्याचप्रमाणे पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा, दोघी-दोघींनी मिळून एकमेकींच्या परसात फेरी मारावी. आपल्या घरची फट आपल्याला दिसत नाही, शेजारणीला लगेच दिसते. एरवी आपण तिच्या या गुणाबद्दल कुरकुर करतो. इथे त्याचा उपयोग करून घेऊ. कोणाचे अंडे हरवले तर पहिली हाक शेजारणीलाच जावी, "ये गं, खुणा बघू" म्हणून. मघाच्या त्या दोन घरांत ही चाल असती, तर एका नव्या सुनेचे पहिले वर्ष रडण्यात गेले नसते.

 दिवेलागणीची वेळ होत आली आहे. ज्यांच्या घरी खुराडे आहे त्यांनी चहासाठी फार वेळ थांबू नये, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.